घशाखाली न उतरणाऱ्या घासाची साडेतीनशे वर्षं

गेल्या वर्षी आमच्या नात्यात दोन पक्ष पडले होते. एक 'तोंडातून करा' म्हणणारा आणि दुसरा 'पोटातून करा' म्हणणारा. निमित्त होतं पाचोडच्या मावशीचं. तिला अकॅलेशिया कार्डिया नावाचा आजार निघाला. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथलं दार वेळेवर उघडत नाही, असा हा आजार. पुण्याचा मावसभाऊ म्हणत होता की आता दुर्बिणीने तोंडातूनच सगळं होतं, अंगावर एक टाकाही नको. औरंगाबादचे मामा (गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण मामांच्या तोंडी अजून औरंगाबादच) म्हणत होते की ऑपरेशन ते ऑपरेशन, शंभर वर्षांचं पारखलेलं आहे, तेच करा. दोघंही तावातावाने बोलत होते, आणि मावशी बिचारी ताटातल्या भाकरीचे बारीक तुकडे करत बसलेली असायची.

मी डॉक्टर नाही. पण वाद मिटेना, म्हणून मी वाचायला बसले. वाचताना लक्षात आलं की या वादाला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मोठा रंजक आहे. आता नात्यातून आणि मैत्रिणींकडून परत परत विचारणा होते, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवावं.

आधी आजार समजून घेऊ. घास गिळला की तो आपल्या वजनाने खाली पडतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. वरून खाली अशी एक लाट तिच्यातून जाते आणि घासाला पुढे ढकलते. म्हणून तर माणूस डोकं खाली करूनही पाणी गिळू शकतो. लाट तळाशी पोचली की तिथलं स्नायूंचं कडं सैल पडतं, घास जठरात जातो आणि कडं पुन्हा आवळतं, जठरातलं आम्ल वर येऊ नये म्हणून. हे सैल पडण्याचं काम करवून घेणाऱ्या चेतापेशी नळीच्या भिंतीतच असतात. अकॅलेशियात नेमक्या त्याच पेशी हळूहळू मरतात. का मरतात याचं पक्कं उत्तर अजून नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते असा अंदाज आहे. परिणाम असा की लाट थांबते आणि दार बंदच राहतं. घास वर साचत जातो, नळी फुगत जाते.

मावशीचं वर्णन याहून सोपं होतं. "घास हितं थांबतोय, वरून पानी ढकललं की मग जातंय." छातीच्या मधोमध बोट ठेवून ती सांगायची.

हा आजार तसा दुर्मीळ. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. पाचोड हे पैठण तालुक्यातलं, बीडच्या वाटेवर महामार्गाला लागून असलेलं गाव. मोसंबीच्या बाजारासाठी आसपासच्या जिल्ह्यांत नाव आहे. ग्रामीण रुग्णालय आहे, आणि ग्रामीण आरोग्यावर, विशेषतः आया आणि किशोरवयीन मुलींवर काम करणारी इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्थाही याच गावातली, तिचं काम देशभर माहीत आहे. म्हणजे आरोग्याच्या बाबतीत अगदीच अंधारातलं गाव नव्हे. पण लाखात एकाला होणारा आजार गावपातळीवर ओळखू यावा कसा? एखाद्या डॉक्टरच्या सबंध कारकिर्दीत असा रुग्ण दोनदा येईल किंवा येणारही नाही.

तर मावशीची चार वर्षं गेली. आधी आम्लपित्त म्हणून गोळ्या झाल्या. मग टेन्शन. बाई चाळिशी ओलांडलेली, घरात मुलीच्या लग्नाचा घोर, त्यामुळे टेन्शन हे कारण सगळ्यांना लगेच पटलं. रात्री आडवं झालं की साचलेलं अन्न आणि लाळ श्वासनलिकेत जायची, त्यामुळे खोकला. वजन उतरत चाललेलं. खोकला आणि वजन कमी म्हटल्यावर एका ठिकाणी टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिने ती घेतली, फरक शून्य. शेजारची एक म्हातारी करणीचं बोलून गेली ते वेगळंच. एका ठिकाणी दुर्बीण घालून पाहिली, तर "काही नाही" म्हणाले. हेही समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात दुर्बिणीला खरंच काही दिसत नाही, कारण तिथे गाठ नसते, जखम नसते, आणि दुर्बीण थोडा जोर लावला की दारातून पार होते.

शेवटी एकाने बेरियम पाजून एक्स-रे काढला. त्यात वर फुगलेली नळी आणि खाली एकदम निमुळतं टोक, अगदी पक्ष्याच्या चोचीसारखं. पुस्तकातही 'चोच' असंच वर्णन आहे. मग शहरात मॅनोमेट्री झाली, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजतात ती तपासणी. तिने शिक्कामोर्तब केलं: अकॅलेशिया, प्रकार दुसरा. हे प्रकार तीन आहेत आणि पुढे त्यांना महत्त्व आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता इतिहासाकडे वळू.

थॉमस विलिस नावाचा इंग्रज डॉक्टर होता. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं जे वर्तुळ 'सर्कल ऑफ विलिस' म्हणून ओळखतात, तोच हा. १६७४ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने एका रुग्णाची हकिगत दिली आहे. या माणसाला अन्न खाली उतरत नव्हतं, तो उपाशी मरायच्या बेतात होता. विलिसने काय केलं, तर व्हेलबोनची, म्हणजे देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीची एक काडी घेतली, तिच्या टोकाला स्पंजचा गोळा बांधला, आणि जेवल्यावर ती काडी घशातून खाली सरकवून अन्न जठरात ढकलायला त्या माणसाला शिकवलं. तो माणूस पुढे सुमारे पंधरा वर्षं असंच जेवला! रोज, स्वतःच्या हाताने. १६७४ म्हणजे आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष.

म्हणजे पहिला उपचार 'तोंडातून'च झाला. हे मी मावसभावाला सांगितलं तेव्हा तो फार खूश झाला. पण गोष्ट इथे संपत नाही.

पुढची दोनशे वर्षं काड्या आणि नळ्या यांतच गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दारावर रबरी किंवा कापडी पिशवी नेऊन ती फुगवायची आणि दार ताणायचं अशी कल्पना आली. तोवर सगळ्यांची समजूत अशी की दाराला पेटका येतो, म्हणून नावही 'कार्डिओस्पाझम'. या समजुतीला धक्का दिला लंडनच्या आर्थर हर्स्ट यांनी. पारा भरलेली रबरी नळी घशात सोडली तर ती निव्वळ आपल्या वजनाने दारातून अलगद खाली जाते, हे त्यांनी पाहिलं. पेटका असता तर नळी अडली असती. मग दार आवळलेलं नाही, ते सैल व्हायचं विसरलंय! म्हणून १९१० च्या दशकात त्यांनी ग्रीक शब्दांवरून घेतलेलं 'अकॅलेशिया' हे नाव रूढ केलं. अर्थ एवढाच: सैल न पडणं. मला हे फार आवडलं. आजाराचं अख्खं मर्म त्या नावात आहे.

त्याच सुमारास, १९१३ च्या एप्रिलमध्ये, जर्मनीत लाइपझिग इथे अर्न्स्ट हेलर या सर्जनने पोट उघडलं. रुग्ण ४९ वर्षांचा आणि त्याचा त्रास ३० वर्षांचा. हेलरने दाराचा स्नायू पुढून आणि मागून असा दोन बाजूंनी उभा चिरला, पण आतलं नाजूक अस्तर तसंच ठेवलं. घट्ट बाहीची शिवण उसवावी आणि आतलं अस्तर शाबूत ठेवावं, तसं. दार कायमचं सैल झालं. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, नेदरलँड्सच्या झायर यांनी दाखवलं की दोन छेदांची गरज नाही, पुढचा एक पुरतो. आजही जगात जी शस्त्रक्रिया होते ती मुळात हीच, आणि नाव हेलरचंच.

त्या वेळी आपल्याकडे काय होतं? पाचोड तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाडा १९४८ साली मुक्त झाला. औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज, आपली 'घाटी', निघाली १९५६ साली, आणि ते मराठवाड्यातलं पहिलं मेडिकल कॉलेज. अंबाजोगाईचं त्यानंतर, १९७० च्या दशकात. म्हणजे हेलरच्या ऑपरेशननंतर ४३ वर्षांनी या भागात डॉक्टर घडवायची सोय झाली. त्याआधीच्या काळात आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर काय झालं असेल? 'अन्नावरची वासना उडाली, वाळत वाळत गेली', एवढंच घरात सांगितलं गेलं असेल.

हेलरच्या शस्त्रक्रियेत एक मोठी गोम होती. दार कायमचं सैल केलं की ते दोन्ही बाजूंनी सैल होतं. अन्न खाली जातं तसं आम्ल वर येतं. आणि या रुग्णांच्या अन्ननलिकेत लाट उरलेली नसते, त्यामुळे वर आलेलं आम्ल परत ढकललं जात नाही, तिथेच अस्तर जाळत बसतं. यावर उपाय काढला १९६२ मध्ये फ्रान्सच्या डोर यांनी. जठराचा वरचा भाग ओढून त्या छेदावर पांघरुणासारखा टाकायचा आणि टाके घालायचे. १९६३ मध्ये तूपे यांनी मागच्या बाजूने तसंच पांघरूण घालायची पद्धत सांगितली. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. हे पांघरूण खरंच लागतं का यावर सर्जन लोकांत पुढे चाळीस वर्षं वाद होता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने तो बराचसा मिटवला. ४३ रुग्णांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. नुसता छेद दिलेल्या २१ जणांपैकी १० जणांना आम्लाचा त्रास मोजमापात सापडला, पांघरूण घातलेल्या २२ जणांपैकी फक्त २ जणांना. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे तो परत भेटणार आहे.

दरम्यान फुगा सुधारत गेला. १९८० च्या दशकात ठरावीक मापाचे, ३०, ३५ आणि ४० मिलिमीटरचे फुगे आले. दुर्बिणीच्या मदतीने फुगा दारात नेतात, फुगवतात, स्नायूचे धागे ताणून तोडतात. पोट फाडायचं नाही, टाके नाहीत. धोका एकच पण मोठा: क्वचित नळीच फाटते. आणि काही वर्षांनी परत फुगवावं लागतं. पोट किंवा छाती उघडून करायच्या ऑपरेशनपेक्षा हे बरं, म्हणून अनेक वर्षं फुगाच पुढे होता.

मग १९९१ साली लंबक परत हलला. स्कॉटलंडमध्ये डंडी इथे कुशिएरी यांच्या गटाने हेलरचं ऑपरेशन लॅपरोस्कोपने, चार-पाच छोट्या भोकांतून करून दाखवलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी लॅपरोस्कोपने पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं ऑपरेशन केलं होतं. पोटात दुर्बीण घालून निदान करायची पद्धत तर त्यांनी १९७२ पासूनच रुजवली होती, आणि हे तंत्र खेड्यातल्या सर्जनपर्यंत पोचावं असा त्यांचा आग्रह असे. म्हणून लॅपरोस्कोपीच्या बाबतीत आपण जगाच्या फार मागे राहिलो नाही. आता ऑपरेशनला मोठा छेद नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. मामांचा पक्ष वर आला.

इथे एक भारतीय नाव घ्यायलाच हवं. डॉ. पंकज जय पसरिचा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये असताना त्यांनी अकॅलेशियासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन वापरलं. होय, सुरकुत्या घालवायला देतात तेच. दुर्बिणीतून सुई नेऊन दाराच्या स्नायूत टोचायचं. १९९५ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि ती खूप गाजली. अडचण अशी की सहा महिने ते वर्षभरात परिणाम ओसरतो. म्हणून ते आता ज्यांना दुसरं काही झेपणार नाही अशा वयस्क, अशक्त रुग्णांसाठी उरलं आहे. जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळ्या वगैरेंचंही तसंच, तात्पुरता आणि अर्धवट आराम.

पण पसरिचा तिथे थांबले नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या गटाने डुकरांवर एक प्रयोग केला. अन्ननलिकेच्या अस्तराला आतून छोटा छेद, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा काढत खाली जायचं आणि तिथून स्नायू चिरायचा. आतून चिरायची कल्पना त्याआधी १९८० मध्ये ओर्तेगा यांनी माणसांवर वापरली होती, पण बोगद्याशिवाय, सरळ अस्तरावरून. ती धोक्याची वाटल्यामुळे मागे पडली. बोगद्याने तो धोका कमी झाला, कारण स्नायूचा छेद एका जागी आणि अस्तराचा छेद दुसऱ्या जागी, वरती. म्हणजे आरपार भोक राहत नाही.

आणि २००८ मध्ये जपानमध्ये योकोहामा इथे हारुहिरो इनोऊए यांनी हेच माणसावर केलं. नाव ठेवलं पोएम. २०१० मध्ये त्यांनी पहिल्या १७ रुग्णांचे अनुभव छापले आणि बघता बघता ते जगभर गेलं. आपल्याकडे हैदराबादला डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने ते मोठ्या प्रमाणावर केलं. हे तेच डॉ. रेड्डी, ज्यांनी डॉ. जी. व्ही. राव यांच्यासोबत २००४ च्या सुमारास तोंडातून, जठराला भोक पाडून, अपेंडिक्स काढून दाखवलं होतं. मुंबईत डॉ. अमित मायदेव आणि पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात डॉ. अमोल बापये यांच्या गटांनी पोएम रुजवलं. मराठवाड्यातले लोक दुखणं मोठं झालं की पुण्याला जातात नाहीतर हैदराबादला, त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला पोएम हा काही परदेशी चमत्कार राहिलेला नाही.

तर हा लंबक. तोंडातून काडी, पोटातून हेलर, तोंडातून फुगा, पोटातून लॅपरोस्कोप, तोंडातून पोएम. नात्यातले दोन पक्ष या लंबकाच्या दोन टोकांना लटकलेले होते. पण प्रत्येक वेळी तोडला जातो तो स्नायू तोच. हेलरने १९१३ मध्ये चिरला तोच इनोऊए यांनी २००८ मध्ये आतून चिरला, आणि फुगाही त्याचेच धागे तोडतो. पोएम म्हणजे 'बिनचिरफाडीचं' हे अर्धसत्य आहे. कातडीवर छेद नाही एवढंच. आत छेद आहे, आणि कधी कधी ऑपरेशनपेक्षा लांब आहे. मेलेल्या चेतापेशी यातला कुठलाच उपाय परत आणत नाही. दार तोडून उघडं ठेवणं, इतकंच काम सगळे करतात.

मग निवडायचं कसं? इथे गेल्या पंधरा वर्षांत झालेल्या तीन मोठ्या चाचण्या उपयोगी पडतात.

पहिली युरोपातली, २०११ ची. २०१ रुग्ण. फुगा विरुद्ध लॅपरोस्कोपिक हेलर. दोन वर्षांनी फुग्याचं यश ८६ टक्के, हेलरचं ९० टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. पाच वर्षांनीही तसंच, ८२ आणि ८४. मात्र फुग्याच्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला मधे परत फुगवून घ्यावं लागलं होतं.

दुसरी २०१९ ची, १३३ रुग्ण. फुगा विरुद्ध पोएम. दोन वर्षांनी पोएम ९२ टक्के, फुगा ५४. अरे, मग आधीच्या चाचणीत फुगा ८६ आणि इथे ५४ कसा? मीही अडखळले. उत्तर नियमांत आहे. पहिल्या चाचणीत त्रास परतला तर पुन्हा फुगवायला मुभा होती, आणि ते यशातच धरलं. दुसरीत सुरुवातीच्या ठरलेल्या फुगवण्याने भागलं नाही तर ते अपयश. आजारी माणसाला दोन्ही आकडे खरे आहेत. एक सांगतो 'लागेल तेव्हा परत येत राहिलात तर काय होईल', दुसरा सांगतो 'एकदाच केलं तर काय होईल'.

तिसरीही २०१९ मधलीच, २२१ रुग्ण, आणि आमच्या वादाला थेट लागू. पोएम विरुद्ध डोरचं पांघरूण घातलेलं लॅपरोस्कोपिक हेलर. दोन वर्षांनी पोएमचं यश ८३ टक्के, ऑपरेशनचं सुमारे ८२. बरोबरी. गंभीर गुंतागुंत पोएममध्ये कमी, २.७ टक्के, ऑपरेशनमध्ये ७.३. इथवर मावसभाऊ जिंकला. पण तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहिलं तेव्हा आम्लाने अस्तर सोललेलं दिसलं पोएमवाल्यांपैकी ५७ टक्क्यांत आणि ऑपरेशनवाल्यांपैकी २० टक्क्यांत. दोन वर्षांनी हे आकडे ४४ आणि २९.

आला ना तो २००४ चा आकडा परत! पोएममध्ये डोरचं पांघरूण नाही. सर्जन लोकांनी चाळीस वर्षं वाद घालून जो प्रश्न सोडवला, तो तोंडातल्या वाटेने पुन्हा नव्याने उघडला. पोएमवाले डॉक्टर हे जाणतात, त्यावर काम चालू आहे. छेद आखूड ठेवला तर काय होतं याच्या चाचण्या हैदराबादलाही झाल्या आहेत. सध्याचं उत्तर म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी आणि अधूनमधून दुर्बीण.

आता हे सगळं पाचोडला आणून बघा. पुण्यात, मुंबईत राहणाऱ्या माणसाला 'रोज एक गोळी आणि काही वर्षांनी एकदा स्कोपी' ही किरकोळ अट आहे. पण आम्ल वर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना जळजळ जाणवतच नाही. आणि काहीच दुखत नसताना, मोसंबीच्या तोडणीच्या दिवसांत, पन्नासेक किलोमीटरवर शहरात जाऊन घशात दुर्बीण घालून घेणारी बाई आपल्या ओळखीत किती? दुखत नाही म्हटल्यावर गोळीही महिन्याभरात फडताळात जाऊन पडते. हे मावशीच्या स्वभावाबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्याच घरात असं होतं.

मावशीने स्वतः डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "गोळी किती वरसं खावी लागंल?" दोन तास चाललेल्या आमच्या चर्चेपेक्षा तो प्रश्न नेमका होता. डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं की प्रकार दुसरा आहे, नळी अजून फार फुगलेली नाही, तुम्हाला फुगा, ऑपरेशन, पोएम तिन्ही लागू पडतील. गोळीची शक्यता ऑपरेशनमध्ये कमी, पण शून्य नाही. मावशी म्हणाली, मग ऑपरेशन करा. तिचं लॅपरोस्कोपने हेलर आणि डोर झालं.

पण म्हणून मामा जिंकले असं मी म्हणणार नाही. तिचा प्रकार तिसरा असता, म्हणजे नळीच्या वरच्या भागातही जोराचे पेटके असते, तर लांबवर छेद देता येणारं पोएमच बरं ठरलं असतं. पोटातून इतक्या वर पोचता येत नाही. आधी हेलर होऊन त्रास परतलेल्यांनाही पोएम सोयीचं पडतं, कारण चिकटलेल्या जागेला हात न लावता दुसऱ्या बाजूने छेद देता येतो. आणि वय पंच्याहत्तर, हृदय कमजोर, अशा आजोबांना फुगा किंवा बोटॉक्सच ठीक. आमच्या घरातल्या वादात कुणीच विचारलं नव्हतं की प्रकार कोणता, वय किती, नळी किती फुगलीय, आणि नंतर तपासणीला कोण नेणार. सगळे विचारत होते ते एवढंच, की नवं चांगलं की जुनं.

खर्चाचंही तसंच. सरकारी योजनेत यातली कुठली प्रक्रिया बसते हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि कुठेही करा, पण तिथे हे काम नेहमी होतं का, किती झालीत, हे विचारायला लाजू नका.

ऑपरेशननंतर मावशीचं वजन भरलं. रात्रीचा खोकला गेला. भाकरी खाते, पण अजूनही घासाबरोबर पाण्याचा तांब्या जवळ लागतो, जेवल्यावर लगेच आडवी होत नाही, उशाला दोन उशा असतात. लाट परत आलेली नाही, ती येणारही नाही. जुन्या अकॅलेशियात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला राहतो, म्हणून काही वर्षांनी तिलाही दुर्बिणीला जावं लागेलच. त्या तारखेची जबाबदारी मावसभावाने घेतली आहे, आणि मामांनी गाडीची. दोन्ही पक्षांना काम मिळालं.

मला मात्र या सगळ्यात राहून राहून आठवतो तो विलिसचा रुग्ण. रोज दोन वेळा देवमाशाची काडी घशात घालून जेवणारा. पंधरा वर्षं. त्याचा दार उघडण्याचा प्रश्न सुटला होता म्हणावं का? एका अर्थाने हो, तो जगला. पण तो उपचार जगवत होता कारण रोज काडी घालायला तो स्वतः तयार होता. पुढच्या प्रत्येक पिढीने ती काडी लहान करत आणली. आधी फुगा, मग छेद, मग पांघरूण, मग बोगदा. ती अजून पूर्ण नाहीशी झालेली नाही. कुणाच्या वाट्याला ती गोळीच्या रूपात येते, कुणाच्या वाट्याला पुन्हा फुगवण्याच्या, कुणाच्या वाट्याला दर काही वर्षांच्या स्कोपीच्या. निवड करताना डॉक्टरांना हेच विचारायचं, की माझ्या वाटची काडी कोणती, आणि ती मला माझ्या गावात राहून जमेल का?

असो. बरंच लांबलं. एवढं वाचलंत तर एकच लक्षात ठेवा. घरात कुणी 'घास छातीत अडतो' म्हणत असेल, घन पदार्थ आणि पाणी दोन्ही अडत असेल, रात्री उशीवर न पचलेलं अन्न किंवा लाळ येत असेल, वजन उतरत असेल, तर 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. दुर्बिणीत काही दिसलं नाही तरी बेरियमचा एक्स-रे आणि मॅनोमेट्रीबद्दल विचारा. तोंडातून की पोटातून, हा वाद त्यानंतर खुशाल घाला.